‘शिवीगाळ व दमदाटी’: जबाबातून गळालेले वाक्य

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांतल्या अदखलपात्र गुन्ह्यांच्या नोंदी वाचू लागले की एक शब्दजोडी पुन्हा पुन्हा समोर येते: ‘शिवीगाळ व दमदाटी’. बांध कोरला, भाडेकरूने खोली सोडली नाही, उसने पैसे मागितले, गाडीला गाडी घासली, सुनेला माहेरी पिटाळले. कारण काहीही असो, मजकूर ठरलेला: ‘सदर इसमाने फिर्यादीस शिवीगाळ व दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली.’ वाक्य कलमांशी नीट जुळते. पण त्या इसमाच्या तोंडून नेमके काय बाहेर पडले, याचा त्यात पत्ता नसतो.

दमदाटी हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्याकडे थांबून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. मला ती वाटते. कारण या एका शब्दाच्या आड रोज हजारो वाक्ये नाहीशी होतात आणि त्यांच्यासोबत फिर्यादीची बाजूही दुबळी होते.

आधी शब्दाचे घराणे पाहू. ‘दम’ मराठीत दोन वाटांनी आला. फारसीतला दम म्हणजे श्वास. दम लागणे, दम खाणे, दमछाक, बेदम, एकदम, दमा ही सगळी त्याची संतती. संस्कृतातला दम म्हणजे काबूत आणणे. शमदम, दमन, इंद्रियदमन हे त्याचे नातलग. हिंदी-उर्दूत ‘दम देना’ या प्रयोगाला फसवण्याची, भुलवण्याची छटा आहे आणि ‘दम-झाँसा’ म्हणजे तर सरळ थाप. मराठीत मात्र ‘दम देणे’ धाकाकडे वळले. श्वासाच्या दमावर इथे दमनाची सावली पडली असावी, असे मला वाटते. मराठी माणूस ‘दम दिला’ म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ त्याच्या कानात असतात: देणाऱ्याने काबूत आणले आणि घेणाऱ्याचा श्वास अडला. ‘दाटी’नेही तेच केले आहे. गर्दी दाटते, कंठ दाटतो आणि दटावणेही याच घरातले. दोन्ही शब्द एकत्र आले की माणसाला चहूकडून घेरल्याचा भास होतो. हा शब्द मुळात अतिशय नेमका आहे. त्याचा दोष नाही; त्याला शिक्क्यासारखे वापरले गेले, हा दोष आहे.

भीती घालण्याच्या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. ताकीद आणि तंबी अरबीतून आल्या. पहिलीत निक्षून सांगणे आहे, दुसरीत सावध करणे. जरबही तिकडचीच, आणि तिच्या मुळाशी प्रत्यक्ष प्रहार आहे. धाक बोलावा लागत नाही, तो नुसता असतो. दरारा माणसाच्या आधी खोलीत शिरतो. हूल म्हणजे खोटा आव. मारायचे नसते, पण समोरच्याने मागे सरकावे एवढ्यापुरता हात उगारायचा असतो. मुलांसाठी बागुलबुवा आहे. दरडावणे, खेकसणे, गुरकावणे, डाफरणे यांत आवाजाचे पोत वेगवेगळे आहेत आणि डोळे वटारण्यात आवाजच नाही. ज्या भाषेने एवढे बारकावे सांभाळले, तिच्या सरकारी कागदावर सगळ्यांची मिळून एकच दमदाटी व्हावी, हे मला लागते.

ताकीद आणि दम यांतला फरक तर इतिहासानेच लिहून ठेवला आहे. मराठेशाहीच्या दप्तरांत ताकीदपत्रे आहेत. अमुक वतनदाराने तमुक हक्काला अडथळा करू नये, केल्यास बोल लागेल, असा त्यांचा आशय. ज्याच्यावर ताकीद आली, त्याला ती कोणी पाठवली आणि कशाबद्दल, हे कळत असे. सरकारी प्यादा बोलावणे किंवा वसुलीचा तगादा घेऊन आला की त्याच्या येण्याचा खर्चही त्याच माणसाकडून घेत आणि त्याला ‘मसाला’ म्हणत. जाच तेव्हाही होता, पण त्याला कागद होता, आकारणी होती, हिशेब होता. दमाला यातले काही नसते. तो हवेत विरतो आणि पुढे ‘मी असे बोललोच नाही’ म्हणायला देणारा मोकळा राहतो.

इथे या शब्दाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य येते. दम देणारा हा शब्द स्वतःबद्दल जवळजवळ कधीच वापरत नाही. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाची व्याख्याने १९६२ साली पुस्तकरूपाने आली. बोलणे हीच काही वेळा कृती असते, हा त्यांचा मुद्दा. ‘मी वचन देतो’ म्हटले की वचन दिले जाते, ‘मी माफी मागतो’ म्हटले की माफी मागून होते. धमकीचे तसे नाही. ‘मी तुला धमकी देतो’ असे म्हणून कोणी धमकी देत नाही. उलट आपल्याकडे दम देणारा नेमके याच्या विरुद्ध बोलतो: ‘दम नाही देत, सांगून ठेवतोय.’ ‘धमकी समजू नका, सल्ला समजा.’ ‘दम देतोस काय?’ हे ऐकणारा विचारतो. ‘त्याने दम दिला’ हे सांगणारा सांगतो. बोलणारा या शब्दाला स्पर्श करत नाही, कारण केला की कृत्य कबूल होते.

मग तो बोलतो काय? ‘बघून घेईन.’ यात ना शस्त्र, ना इजा, ना दिवस, ना ठिकाण. भविष्यकाळातला हा ‘-ईन’ फार कामाचा आहे. करणार हे सांगतो आणि काय करणार ते ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर सोडतो. ‘बघतोच’ मधला ‘च’ त्याहून पुढे जातो. ‘नाहीतर’वर तुटलेले वाक्य आणखी भारी, शर्त बोलून झाली, शिक्षा गिळली. सगळ्यांत घातक मात्र साधे प्रश्न असतात. ‘पोरगी अजून त्याच कॉलेजात जाते ना?’ ‘रात्रपाळीला एकटेच येता वाटतं?’ ‘विहिरीची मोटार रानातच असते ना तुमची?’ शब्दाशब्दाने पाहिले तर ही चौकशी आहे, आपुलकीचीही वाटेल. ती कोण, कोणाला, कोणत्या भांडणानंतर आणि किती जणांना मागे उभे करून विचारतो आहे, यात सगळा दम असतो. जबाब लिहिताना हे वाक्य गेले आणि ‘दमदाटी’ राहिली की वकिलाच्या उलटतपासणीत उरते ते एवढेच: नेमके काय बोलले? आणि फिर्यादीला वर्ष-दोन वर्षांनी शब्द आठवावे लागतात.

कायद्याने या गोष्टीचा विचार केलेला नाही, असे नाही. फार बारकाईने केला आहे. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला, ती १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ५०३ व्या कलमात गुन्हेगारी धाकदपटशाची व्याख्या होती. माणसाच्या शरीराला, लौकिकाला किंवा मालमत्तेला, अथवा ज्याच्यात त्याचा जीव गुंतला आहे अशा दुसऱ्याच्या शरीराला किंवा लौकिकाला इजा करण्याची धमकी. हेतू भय उत्पन्न करण्याचा, किंवा त्या भयापोटी त्याला नको ते करायला लावण्याचा, किंवा हक्काचे काम सोडायला लावण्याचा. खाली दिलेले उदाहरण आपल्या गावचे वाटावे असे आहे: दिवाणी दावा सोडून द्यावा म्हणून एक जण दुसऱ्याला त्याचे घर जाळण्याची धमकी देतो. मला त्याहून विलक्षण वाटते ते स्पष्टीकरण. मृत माणसाच्या लौकिकाला बट्टा लावण्याची धमकीही या कलमात बसते. गेलेल्या बापाबद्दल, आजीबद्दल ‘गावभर सांगीन’ असे कोणी म्हणाले, तर तोही गुन्हा ठरू शकतो. शिक्षा ५०६ मध्ये: साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, ठार मारण्याच्या, गंभीर दुखापतीच्या, आग लावण्याच्या किंवा स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत. निनावी धमकीला ५०७ खाली आणखी दोन वर्षांपर्यंत. ‘पाचशे चार, पाचशे सहा’ हे आकडे गावोगावच्या लोकांना तोंडपाठ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. शांतताभंग घडवण्यासाठी केलेला अपमान ३५२ मध्ये गेला आणि धाकदपटशाची ही सगळी कलमे ३५१ मध्ये एकत्र झाली.

जुन्या संहितेचे ५०८ वे कलम तर थेट आपल्या मुलखातल्या रिवाजांवर बोट ठेवते. अमुक केले नाहीस तर दैवी कोप होईल, असे भासवून एखाद्याला काही करायला लावणे हा त्यातला गुन्हा. त्याच्या उदाहरणात संहितेने इंग्रजी मजकुरात ‘धरणे’ हाच देशी शब्द जसाच्या तसा घेतला होता: एक जण दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसतो, अशा समजुतीने की त्यामुळे घरमालकावर देवाचा कोप ओढवेल. मराठेशाहीत कर्ज वसूल करण्याचा हा रूढ मार्ग होता. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन याने आपल्या पत्रांत त्याचे वर्णन केले आहे. ती पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने आली. सावकार किंवा त्याचा माणूस दारात उपाशी बसे आणि घरातल्यांनीही तोवर जेवू नये असा संकेत असे. एक शब्दही न उच्चारता दिलेला हा दम. पुढे धरण्याचा अर्थ पालटला आणि दुर्बळांनी सत्तेच्या दारात बसण्याला आपण धरणे म्हणू लागलो. कलम मात्र ३५४ या नव्या क्रमांकाने टिकून आहे.

कायदा एवढा सूक्ष्म असताना वाक्य गळते कुठे? माझ्या मते त्याचे एक मोठे कारण नोंदीच्या पद्धतीत आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची, प्रत फुकट द्यायची, असा नियम आहे. अदखलपात्र गुन्ह्यात मात्र कायदा ठाणे अंमलदाराला खबरीचा सारांश वहीत नोंदवून फिर्यादीला दंडाधिकाऱ्याकडे जायला सांगण्याची मुभा देतो. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात धाकदपटशा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे ज्या गुन्ह्यात शब्द हाच सगळा पुरावा, त्याच गुन्ह्यात शब्दांऐवजी सारांश पुरतो. ठाण्यातल्या हवालदाराला दोष देऊन भागत नाही. समोर रांग असते आणि ‘शिवीगाळ व दमदाटी’ लिहिले की कलमाची गरज भागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४ व्या कलमाने एक भर घातली आहे: अशा सगळ्या प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा. तरतूद चांगली आहे. पण त्या अहवालात तीच शब्दजोडी ओळीने लिहिलेली असली, तर खरा धोका कुठला आणि तात्पुरता राग कुठला, हे दंडाधिकाऱ्याने कशावरून ठरवायचे?

हा भेद न्यायालयाला करावाच लागतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बेंगळुरूचे एक प्रकरण आले. अपघातानंतर पोलीस निरीक्षकाने आपल्याला वाईट वागवले, असे एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर लिहिले. त्यावरून त्यांच्यावर ५०६ खाली गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने तो रद्द केला. भय निर्माण करण्याचा हेतू नसताना नुसते शब्द पुरेसे नाहीत आणि तो हेतू दाखवणारे साहित्य नोंदीवर आलेच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल योग्य आहे. नाहीतर प्रत्येक तक्रारीला दमदाटी ठरवून सत्ता लोकांची तोंडे बंद करील. पण याच निकालाची दुसरी बाजूही आहे. खरोखर धमकावलेल्या माणसाकडेही तेच साहित्य मागितले जाणार, आणि त्याच्या कागदावर वाक्यच नाही.

वर्तमानपत्रांनी या शब्दाचे आणखी एक नुकसान केले आहे आणि याबद्दल मला तीव्रपणे वाटते. ‘मंत्र्यांचा अधिकाऱ्यांना सज्जड दम’ हा मथळा वाचक वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. ‘सज्जड’ हे विशेषण पुराव्याला लागते तसे दमाला लागते, आणि दोन्हीकडे कौतुकाने. भर बैठकीत एखाद्या अभियंत्याला उभे करून सगळ्यांसमोर झापले, तर ती कार्यक्षमता ठरते. तोच चढा आवाज रिक्षावाल्याने लावला की मथळा येतो ‘रिक्षाचालकांची मुजोरी’. सफाई कामगाराने हक्काने विचारले तर तो उर्मट, कारकुनाने आवाज चढवला तर अरेरावी. वरून खाली आला तो दम. खालून वर गेला तो उद्धटपणा. आवाजाची पट्टी एकच असते, बोलणाऱ्याची पायरी बदलते आणि पायरीप्रमाणे शब्द बदलतो. ज्या अधिकाऱ्याचे काम खरेच कमी पडले, त्याला लेखी नोटीस देता येते, कारण विचारता येते. त्याला बाजू मांडता येते. दम दिल्यावर मांडायला बाजूच राहत नाही. बातमी लिहिणाऱ्यांनी त्याला सज्जड म्हणणे थांबवावे.

‘दादा’चे तर याहून मोठे स्थित्यंतर झाले. थोरल्या भावाला हाक मारण्याचा हा शब्द वस्तीत जरब बसवणाऱ्या माणसाचे नाव झाला, त्यातून दादागिरी आली, आणि १९८१ साली राज्याने केलेल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याच्या मराठी नावातच ‘झोपडपट्टीदादा’ जाऊन बसला. मायेच्या नात्याचा शब्द कायद्याच्या शीर्षकात धोकादायक इसमाच्या पंगतीत आला. हे असेच घडले नसावे. दादाचा दम वस्तीला बाहेरचा वाटत नाही. तो वर्गणी मागतो, लग्नात राबतो, पाण्याचा टँकर आणतो, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध कोणी सहजासहजी बोलत नाही. १९५१ च्या पोलीस अधिनियमाने हे मूकपण ओळखले. त्याच्या ५६ व्या कलमानुसार एखाद्याला हद्दपार करताना इतर गोष्टींबरोबर हेही पाहिले जाते, की जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत. लोक याला तडीपारी म्हणतात. साक्षीदाराचे न बोलणे इथे कायद्याने भीतीची खूण मानले.

जातीच्या पायऱ्यांवर दम कसा उतरतो, हे १९३० मध्येच सरकारी कागदावर आले होते. मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. दलितांनी हक्क बजावायचा म्हटले की गावातले वरचे लोक बहिष्काराचे हत्यार उपसतात, कामावरून काढतात, वाटा अडवतात, वाण्याचे दुकान बंद करतात, आणि उघड मारहाणीपेक्षाही हे हत्यार प्रभावी ठरते, असा समितीचा निष्कर्ष होता. ‘वाळीत टाकू’ एवढे दोन शब्द पुरत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या नजरेसमोर अपमानित करण्याच्या हेतूने धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा २०१७ मध्ये लागू झाला. त्याची गरज एकविसाव्या शतकात पडली, यावरून त्या दोन शब्दांची ताकद समजावी.

घराच्या आतल्या दमाबद्दल २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मला सगळ्यांत समजूतदार वाटतो. शाब्दिक छळात त्याने मूल नाही, मुलगा नाही यावरून हिणवणे घेतले, आणि पीडितेचा जीव ज्याच्यात आहे अशा माणसाला इजा करण्याच्या वारंवार दिलेल्या धमक्याही घेतल्या. ‘वारंवार’ हा शब्द मोलाचा आहे. ‘तुझ्या भावाला दाखवतो’ हे एकदा ऐकले तर भांडण. रोज जेवणाच्या ताटावर ऐकले तर ते जगणेच बदलते. या कायद्याच्या नियमांसोबत घटना-अहवालाचा नमुना आहे आणि त्यात शाब्दिक छळाच्या वेगवेगळ्या ओळी आहेत: चारित्र्यावर संशय, हुंड्यावरून टोमणे, मुलगा न झाल्यावरून अपमान, नोकरी करण्यास मज्जाव, घराबाहेर पडण्यास मज्जाव. संरक्षण अधिकाऱ्याला एकेक प्रश्न विचारावा लागतो. विचारल्यावर बाई एकेक वाक्य सांगते. ‘दमदाटी केली का?’ एवढेच विचारले असते तर ती ‘हो’ म्हणून गप्प बसली असती.

कर्जवसुलीतही असाच धडा आहे. १९४६ च्या मुंबई सावकार अधिनियमात कर्जदाराच्या छळाची व्याख्या होती आणि तीत धाक घालण्यासोबत त्याच्या मागे मागे फिरणे, घराजवळ घुटमळत राहणे हेही मोजले होते. लिहिणाऱ्याने सावकारी जवळून पाहिलेली असणार. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांबद्दल बजावले: शाब्दिक वा शारीरिक धाकदपटशा नको, सार्वजनिक अपमान नको, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नकोत. वेळ घड्याळात मोजता येते आणि फोनमध्ये नोंद राहते, म्हणून ही अट कर्जदाराच्या हातात पुरावा देते.

साक्षीदारांच्या बाबतीत हा सगळा प्रश्न सर्वांत निकडीचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९८ व्या कलमाने राज्यांना अशी योजना करणे बंधनकारक केले. साक्षीदाराने अर्ज केला की पोलिसांनी धोक्याचे विश्लेषण करणारा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. साक्षीदारांचे तीन गट आहेत. जिवाला धोका असलेले ‘अ’ गटात. सुरक्षितता, लौकिक किंवा मालमत्तेला धोका असलेले ‘ब’ गटात. छळ आणि धाकदपटशा सोसणारे ‘क’ गटात. ‘विहिरीची मोटार रानातच असते ना?’ हे ऐकलेला माणूस कोणत्या गटात? मागे शेतीचा वाद असेल तर ‘ब’. गेल्या वर्षी त्याच आरोपीवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा असेल आणि विहिरीची वाट एकटी असेल, तर कदाचित ‘अ’. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठरवायला पाच दिवस आहेत, आणि त्यासाठी त्याला ते वाक्य, बोलणाऱ्याचे नाव, वेळ, जागा आणि सोबत कोण उभे होते एवढे लागते. पाच ओळींत मावते ते. साक्षीदार ठाण्यात आला त्याच संध्याकाळी, त्याच्या बोलीत, तो बोलला तसे ते उतरवून घ्यावे.